डावा पाय, मामा आणि बाबांची वॅगनआर

गोव्यात स्कूटर कोणी मुद्दाम शिकत नाही, ती येतेच. कॉलेजला लागलं की घरातली एक स्कूटर आपल्या वाट्याला येते आणि मग बाजार, नोकरी, देऊळ, लग्नकार्य सगळं तिच्यावरून, पावसात रेनकोट घालून, पायाशी नारळाची पिशवी ठेवून. माझंही तसंच चाललं होतं आणि चारचाकी शिकावी असं कधी वाटलं नाही कारण चारचाकी बाबा चालवायचे. मग बाबांना काचबिंदू निघाला, बांबोळीच्या हॉस्पिटलात डॉक्टरांनी सांगितलं की कडेचं दिसणं कमी झालंय, गाडी चालवणं बंद. आणि घरात प्रश्न उभा राहिला की आता डिचोलीहून बांबोळीला दर तपासणीला जायचं कसं. टॅक्सीचे दर माहितीच आहेत सगळ्यांना. आणि बाबांची वॅगनआर अंगणात फणसाखाली पानं झेलत उभी.

ऑटोमॅटिक घे, असं अर्ध्या वाड्याने सांगितलं. बरोबरच आहे त्यांचं, पण असलेली गाडी विकून वर पैसे घालायचे कशाला, ती तर मस्त चालत होती, फक्त तिला तीन पेडल होती आणि मला कुठलंच पेडल माहीत नव्हतं.

लर्निंग लायसन्सचं काम आता ऑनलाईन होतं, त्यात सांगण्यासारखं काही नाही. लर्निंग सहा महिने चालतं, मिळाल्यापासून तीस दिवस झाल्याशिवाय पक्क्याची टेस्ट देता येत नाही, आणि तोवर शेजारी लायसन्सवाला माणूस आणि पुढे-मागे लाल अक्षरातला एल पाहिजेच. म्हणून एका ड्रायव्हिंग स्कूलला नाव घातलं. तिथे गाडी अशी छान चालायची की काय सांगू. सिग्नलला थांबते, निघते, झटका नाही काही नाही, मला वाटायचं आपल्याला येतंय की. पण त्या गाडीला शिकवणाऱ्याच्या बाजूलाही क्लच आणि ब्रेक असतो ना, आणि आमचे सर एका हाताने फोन धरून स्वतःच्या पायाने अर्धं काम उरकायचे. मी स्टिअरिंग फिरवायची, बस. स्टिअरिंग तर लहान मुलांच्या खेळातल्या गाडीलाही असतं. त्यात सुरक्षित सुरुवात कशी करायची, क्लच कुठे पकडतो, चढावर काय करायचं यातलं काही नव्हतं. फी भरलेली म्हणून क्लास पूर्ण केला आणि मग मामाकडे गेले.

मामा म्हणजे आईचा मोठा भाऊ, खाणीवर टिप्पर चालवायचा. ज्यांनी डिचोली-सत्तरीचे ते दिवस बघितलेत त्यांना सांगायला नको, मिनरलने, म्हणजे लोखंडाच्या खनिजाने, भरलेले ट्रक रांगेने खाणीवरून नदीवरच्या जेटीपर्यंत, सगळे रस्ते लाल, झाडं लाल, घरातले पडदे पण लाल. २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या, मधे सुरू झाल्या, २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने लीज रद्द केल्या आणि परत बंद झाल्या. मामाने टिप्पर विकून टाकला. पण भरलेला टिप्पर उतारावरून रोज खाली आणणाऱ्या माणसाला गिअर म्हणजे काय ते मेकॅनिकपेक्षा जास्त कळतं असं माझं मत आहे. तो म्हणाला, सकाळी लवकर ये, सड्यावर जाऊया.

आमच्या गावाच्या वर सडा आहे, चिऱ्याचा मोकळा सपाट माळ, कडेला मुलांनी केलेलं फुटबॉलचं ग्राउंड आणि खाणीसाठी केलेला रुंद रस्ता जो आता रिकामा असतो. सकाळी त्या वेळेला तिथे फक्त सायकलवरचा पोदेर, पों पों करत पाव घेऊन जाणारा, आणि दोन-चार गुरं. शिकायला याहून बरी जागा नाही.

पहिल्या सकाळी मामाने इंजिन चालूच करायला दिलं नाही. आधी गाडीला फेरी मार म्हणाला. मला वाटलं उगाच काहीतरी, पण खरंच बघा, आपल्याकडे गाडीखाली कुत्रं झोपलेलं असतं, पावसाळ्यात तर हमखास, मांजर असतं, टायर बसलेला असतो, मागे कोणीतरी दगड लावून ठेवलेला असतो. ते आत बसल्यावर दिसत नाही. मग आत. सीट कशी लावायची याच्यावरच त्याने भरपूर वेळ घालवला. क्लच पूर्ण तळापर्यंत दाबायचा आणि तरी गुडघा थोडा वाकलेला राहिला पाहिजे, ढुंगण पुढे सरकता कामा नये. पाठ टेकलेली असताना हात सरळ लांब केला तर मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर यायला हवं. ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत सीट सगळ्यांसाठी एकच, कोणी हलवत नसे, त्यामुळे माझ्यासारख्या बुटक्या बाईला क्लच दाबायला अंगठ्यावर उभं राहावं लागायचं. टाच जमिनीला टेकल्याशिवाय क्लच हळू सोडताच येत नाही, इतकं साधं आहे ते. आणि चप्पल! स्लीपर घालून आलेली बघून मामाने मला परत घरी पाठवलं, मागे पट्टा असलेलं काहीतरी घालून ये म्हणून. स्लीपर पेडलखाली अडकली की ब्रेक दाबला जात नाही.

आरसे तीन. बाजूच्या आरशात आपल्या गाडीचा अगदी बारीक पट्टा दिसावा, बाकी सगळा रस्ता. आतल्या आरशात मागची पूर्ण काच. स्कूटरवाल्यांनी हे मनावर घ्या, कारण आपल्याला मान वळवून बघायची सवय असते (किंवा न बघायची), आणि गाडीत मान वळवली तरी खांब आडवे येतात. दार, बेल्ट, मग पुढचं.

आता चालू करणं. मामाचा क्रम असा होता आणि तो मी अजून बदलला नाही. हँडब्रेक वर ओढलेला आहे का बघायचं, बघायचं म्हणजे हात लावून. डावा पाय क्लचवर, पूर्ण दाबून. उजवा ब्रेकवर. मग गिअरचा दांडा डावी-उजवीकडे हलवायचा, सैल हलला की न्यूट्रल. नंतर चावी एक घर फिरवून थांबायचं, डॅशबोर्डवर सगळे दिवे लागतात, इंजिनचा, ऑइलचा, बॅटरीचा, तेवढ्या सेकंदभरात पेट्रोलचा पंप प्रेशर बनवतो. डिझेल गाडी असेल तर स्प्रिंगसारख्या चित्राचा दिवा विझेपर्यंत थांबायचं. मग चावी पुढे, इंजिन पेटलं की चावी लगेच सोडायची. ऑइलचा आणि बॅटरीचा दिवा विझला पाहिजे. नाही विझला तर इंजिन बंद करायचं आणि मिस्त्रीला फोन.

क्लच दाबूनच का, न्यूट्रल तर आहेच की, हे मी विचारलं. मामा म्हणाला, तुला वाटतं न्यूट्रल आहे. गाडी गिअरमध्ये राहिली असेल आणि क्लच सोडलेला असेल तर स्टार्टर मोटर इंजिन फिरवते, इंजिन चाकं फिरवतं, आणि चावी फिरवल्यावर गाडी सरळ पुढच्या भिंतीवर उडी मारते. बरेच लोक गाडी लावताना गिअर टाकून ठेवतात, त्यामुळे हे अगदी सहज होऊ शकतं. नवीन गाड्यांमध्ये बहुतेक क्लच दाबल्याशिवाय स्टार्टरच फिरत नाही, पण आमची जुनी, तिला तसलं काही नाही.

इथे बाबांचं आणि मामाचं भांडण. बाबा रोज अंगणातून ओरडून सांगायचे, दोन-तीनदा रेस दे आणि मग चावी मार, थंड गाडी आहे. त्यांचं ज्ञान कार्बोरेटरच्या काळातलं, तेव्हा चोक ओढायचा, ॲक्सिलरेटर पंप करायचा, ते खरंच लागायचं. आताच्या गाडीत किती पेट्रोल सोडायचं ते कॉम्प्युटर ठरवतो, चालू करताना उजव्या पायाचं काहीच काम नसतं. थंड इंजिन पहिलं मिनिटभर जरा वर फिरतं, आवाज मोठा येतो, मग आपोआप खाली येतं. तेवढ्यात ओरडवायचं नाही कारण ऑइल अजून सगळीकडे पोचायचं असतं. बाबांना हे पटलं नाही, अजून पटलेलं नाही.

मग क्लच. या एका गोष्टीला मामाने सगळ्यात जास्त वेळ दिला आणि मला वाटतं इथेच सगळी गंमत आहे, बाकीचं सवयीने येतं.

रेसला हातच, म्हणजे पायच, लावायचा नाही. सपाट जागा, पहिला गिअर, हँडब्रेक सोडलेला, उजवा पाय ब्रेकवरून काढून खाली ठेवलेला. आणि डावा पाय फक्त हळूहळू वर. "सवकास... सवकास बाय... झोपलेल्या पोराच्या मानेखालून हात काढतेस ना, तसा काढ." मुलं वाढवलेल्या बाईला याच्यापुढे काही सांगावं लागत नाही. एका जागेवर इंजिनचा आवाज बदलतो, थोडा खोल होतो, गाडीचं नाक किंचित उचलल्यासारखं वाटतं, स्टिअरिंगमध्ये बारीक थरथर येते. "हांगाच थांब." तिथे पाय थिजवायचा. गाडी आपोआप चालायला लागते, माणूस चालतो तेवढ्या वेगाने, रेस नसताना. मग पूर्ण दाबायचा, ब्रेक, थांबायचं. परत. परत. एवढंच करत राहिलो आम्ही, फुटबॉल ग्राउंडच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि मध्ये गुरं आली की त्यांच्यासाठी थांबायचं.

आत काय होतं तेही त्याने बोनेटवर दोन ताटल्या घासून दाखवलं, अगदी खऱ्या, घरातून आणलेल्या. इंजिनच्या टोकाला फ्लायव्हील असतं, इंजिन चालू आहे तोवर ते फिरत राहतं, मिनिटाला सात-आठशे फेरे नुसतं उभं असताना. गिअरबॉक्सच्या बाजूला क्लच प्लेट. पाय वर असताना स्प्रिंग त्या प्लेटला फ्लायव्हीलवर दाबून धरते, म्हणजे इंजिन आणि चाकं जोडलेली. पाय दाबला की सुटी. उभी गाडी म्हणजे एका बाजूला आठशे फेरे आणि दुसऱ्या बाजूला शून्य, यांना एकदम चिकटवलं की कोणीतरी हरणार, आणि पहिल्या दिवसांत नेहमी इंजिन हरतं. धाडकन झटका आणि बंद. मधल्या थोड्या वेळात प्लेट घासत घासत दोघांचा वेग जुळवते, तो मधला वेळ आपल्या डाव्या पायात असतो. हाफ क्लच म्हणतात तो हाच. आणि घासते म्हणूनच तापते, झिजते, त्यामुळे तिथे पाय ठेवून बसून राहायचं नाही. गाडी चालायला लागली की क्लच पूर्ण सोडायचा आणि पाय पेडलवरून काढून बाजूला ठेवायचा. नुसता टेकवून ठेवला तरी बेअरिंगवर दाब राहतो. मामा चालत्या गाडीत मधेच वाकून माझा डावा पाय कुठे आहे ते बघायचा, फार राग यायचा मला.

बंद पडली तर काय, हे पण मुद्दाम शिकवलं. ब्रेक, हँडब्रेक, क्लच, न्यूट्रल, चावी, याच क्रमाने, मागे कोणी कितीही हॉर्न वाजवू दे. घाईत लोक ब्रेक न धरता चावी फिरवतात आणि गाडी उतारावर मागे जायला लागते. अजून एक, इंजिन बंद असताना ब्रेक आणि पॉवर स्टिअरिंग दोन्ही जड होतात, कारण त्यांना मदत करणारं इंजिनच असतं. ब्रेक एक-दोनदा नेहमीसारखा लागतो आणि मग दगड. लागतो तरी, पण जोर लावावा लागतो. हे माहीत असलं की माणूस घाबरत नाही. सड्यावर गाडी उभी करून, इंजिन बंद करून, ब्रेक सारखा सारखा दाबून बघा एकदा, पायाला लगेच कळतं.

स्कूटरवरून येणाऱ्यांसाठी एक वेगळं प्रकरण आहे. ऐनवेळी माझा डावा हात आवळायचा. कुत्रं आडवं आलं की डावी मूठ गच्च, कारण स्कूटरला मागचा ब्रेक तिथे. गाडीत डावी मूठ आवळून काही होत नाही, उजवा पाय हलला पाहिजे. आणि दुसरं म्हणजे गाडीला डावी बाजू असते! आपण उजवीकडे बसतो, डावीकडचं चाक कुठे आहे याचा काही पत्ता नसतो, आणि आपल्या गावातले रस्ते म्हणजे एका बाजूला चिऱ्याचा गडगा, दुसऱ्या बाजूला उघडं गटार, समोरून कदंबाची बस. मामाने रस्त्यावर चुन्याची रेघ मारली आणि डावं चाक तिच्यावरून न्यायला लावलं. नंतर समजलं की बोनेटचा मधला भाग रस्त्याच्या डाव्या कडेवर दिसतो तेव्हा चाक साधारण कडेला असतं, निदान आमच्या गाडीत आणि माझ्या उंचीला. तुमचं वेगळं असेल, रेघ मारून बघा.

गिअर बदलणं त्यामानाने सोपं. पहिला फक्त हलवायला, गाडी सरकली की दुसरा, वीस-पंचवीसला तिसरा, चाळीसच्या आसपास चौथा, पण आकडा बघायचा नाही, आवाज ऐकायचा. इंजिन किंचाळलं की वरचा, गुरगुरत झटके द्यायला लागलं की खालचा. दांडा मुठीत आवळायचा नाही, तळहाताने ढकलायचा. रिव्हर्स टाकायचा तर गाडी पूर्ण थांबल्यावरच, आणि तो कुठे आहे हे प्रत्येक गाडीत वेगळं, काहींना दांड्याखालची कडी उचलावी लागते, म्हणून दुसऱ्याची गाडी घेतली तर आधी दांड्यावरचं चित्र बघून घ्या. थांबताना आधी ब्रेक, क्लच शेवटी. मला उलटं वाटायचं. क्लच आधी दाबला की इंजिन सुटतं आणि गाडी मोकळी पळते, इंजिन जो थोडा वेग आवरून धरत होतं ती पकडही जाते. एकदम जीवावर आलं तर मात्र दोन्ही पाय एकदम, तिथे विचार करायचा नाही.

चढ. गोव्यात सपाट रस्ता म्हणजे पुलावरचा, बाकी सगळं वर-खाली. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मध्ये पंधरावा नियम टेस्टचा आहे, त्यात स्पष्ट लिहिलंय की उमेदवाराने चढावर गाडी थांबवून, अजिबात मागे न जाता परत काढून दाखवायची, हँडब्रेक वापरून किंवा ब्रेक आणि ॲक्सिलरेटरने. मला हे वाचून बरं वाटलं, म्हणजे ही काही फक्त माझी भीती नाही, सरकारलाही माहीत आहे. आमच्या देवळाकडे जाणारा चढ मामाने त्यासाठी निवडला. हँडब्रेक ओढलेला, पहिला गिअर, थोडी रेस, क्लच हळू सोडत पकडीपर्यंत आणायचा, मागची बाजू जराशी बसते, गाडीला पुढे जायचंय पण हँडब्रेक सोडत नाही असं कळतं, मग हँडब्रेक खाली. मागे एक बोटभरही जात नाही. हे बसलं की मग हँडब्रेकशिवाय, म्हणजे उजवा पाय ब्रेकवर ठेवूनच क्लच पकडीवर आणायचा, थरथर आली की ब्रेकवरून झटकन रेसवर. हल्ली बऱ्याच गाड्यांना हिल होल्ड येतो, दोनेक सेकंद गाडी स्वतःच ब्रेक धरून ठेवते, चांगलंच आहे, पण दोन सेकंद म्हणजे किती हे घाबरलेल्या माणसाला कळत नाही.

देवळाच्या चढावर मागे कोणी नसतं. खरी परीक्षा म्हणजे पणजीहून म्हापशाकडे येताना पर्वरीचा चढ, संध्याकाळी. मी गेले तेव्हा वर उड्डाणमार्गाचं काम चाललेलं, पत्रे लावलेले, सगळी वाहतूक एका पट्ट्यात, चढावर दोन हात पुढे, थांब, दोन हात पुढे, थांब. आणि आपण जरा जागा सोडली की मागच्या काचेला चिकटून चार स्कूटर, त्यात दोन भाड्याच्या, काळ्या पाटीवर पिवळे आकडे, चालवणाऱ्याला आपण मागे येऊ शकतो याची कल्पनाच नाही. मामा शेजारी. म्हणाला, पुढची गाडी हलली म्हणून हलू नकोस, चांगली जागा होऊ दे मग एकदाच जा, आणि थांबलीस की न्यूट्रल, हँडब्रेक, पाय मोकळा. आजूबाजूचे सगळे हाफ क्लचवर गाडी झुलवत उभे होते आणि काही वेळाने खरंच तो वास आला, जळका, करपलेला, आधी वाटलं आमचाच, पण पुढच्या गाडीचा होता. चढावर ब्रेकऐवजी क्लचवर गाडी धरून ठेवली की असं होतं. ओ कोकेरो हॉटेलाच्या तिथपर्यंत पोचायला इतका वेळ लागला की मामाने चार्ल्स शोभराज या सराईत गुन्हेगाराची गोष्ट पूर्ण सांगितली, १९८६ मध्ये मुंबई पोलिसांच्या मधुकर झेंडेंनी त्याला त्याच हॉटेलात पकडला ती, आणि मी ऐकत ऐकत गाडी काढत होते, एकदाही बंद न पाडता. गोष्ट ऐकता येतेय म्हणजे पाय आपोआप चाललाय, हे तेव्हा लक्षात आलं.

उतारासाठी चोर्ला घाट. केरीहून अंजुणे धरणाच्या बाजूने वर गेलो, बेळगावच्या दिशेने, चोर्ल्याला चहा घेतला आणि वळलो. टिप्परवाल्याचं शास्त्र एका वाक्यात असं की ज्या गिअरने चढलास त्याच गिअरने उतर. दुसऱ्यात किंवा तिसऱ्यात ठेवायची, रेस सोडायची, इंजिनच गाडीला मागे खेचून धरतं, ब्रेक मधून मधून ठामपणे दाबायचा आणि सोडायचा. सतत ब्रेकवर पाय ठेवून आलं तर पॅड तापतात, ब्रेक ऑइल उकळायला लागलं तर पेडल नुसतं खाली जातं आणि काही लागत नाही. न्यूट्रल करून पेट्रोल वाचवणारे लोक मला आता माथेफिरू वाटतात, त्यात वाचत पण नाही, कारण इंजेक्शनच्या गाडीत गिअरमध्ये रेस सोडून उतरताना पेट्रोल जवळजवळ बंदच होतं. आणि अरुंद जागी समोरून चढणारी गाडी आली तर उतरणाऱ्याने थांबायचं, नियमच आहे तो. चढावर भरलेला ट्रक एकदा थांबला की त्याला परत हलवणं किती कठीण हे मामाला विचारा. तो ट्रकवाल्यांना हात करायचा, तेही ओळख असल्यासारखा परत करायचे.

टेस्टबद्दल फार काही नाही. बेल्ट, आरसे, इंडिकेटर, आठचा आकडा, रिव्हर्स, रस्त्यावर एक फेरी. साहेबांनी बसल्या बसल्या बघितलं की मी आधी दांडा हलवून न्यूट्रल तपासलं, तेवढ्यावर त्यांचा चेहरा मवाळ झाला असं मला वाटतं, मामा म्हणतो काही नाही, त्यांना जेवायला जायचं होतं.

लायसन्स आलं आणि पाऊस लागला. आपल्याकडचा पाऊस म्हणजे वायपर फुल्ल लावून पण समोर पांढरं. पहिल्या पावसात रस्त्यावरची धूळ आणि तेल मिळून जो चिखल होतो तो सगळ्यात वाईट, आणि आमच्या बाजूला त्यात लाल माती. तिथे पहिल्या गिअरमध्ये जोर लावला की चाक जागेवर फिरतं, दुसऱ्यात हळूच क्लच सोडून काढली तर निघते. काचेवर आतून धुकं बसलं तर फडक्याने पुसत बसू नका, एसी लावा. पाणी भरलेल्या जागी खोली माहीत नसेल तर जाऊच नये, गेलंच तर पहिल्या गिअरमध्ये, एकसारखी रेस, मध्ये न सोडता, बाहेर आल्यावर ब्रेक हलके हलके दाबून सुकवायचे. आणि पाण्यात बंद पडली तर परत चावी फिरवायची नाही, इंजिनात पाणी गेलेलं असेल तर आतला रॉडच वाकतो आणि मग खर्च विचारू नका. पावसात चालत्या गाडीचे चारही इंडिकेटर लावून फिरणाऱ्यांना काय म्हणावं, वळणार कुठे ते कसं कळायचं? साधे हेडलाईट लावा ना.

मयेहून चोडणला जाऊन फेरीबोटीने नदीपलीकडे रायबंदर, हा रस्ता मला आवडतो आता, आधी त्याची धास्ती होती. धक्का उतरता, खाली पाणी, ओहोटी असली तर ओला शेवाळलेला भाग जास्त उघडा. रांगेत उतारावर उभं राहताना हँडब्रेक आणि गिअर दोन्ही. फेरीवर चढताना पहिला गिअर, क्लचने खेळ नको, ब्रेकने वेग धरायचा. लोखंडी फळीवर धडाम आवाज होतो तो होऊ दे. आत लावली की हँडब्रेक, गिअर, इंजिन बंद, आणि उतरताना फेरीवाला हाताने सांगेल तसं, त्याच्या हाताकडे बघायचं, मागच्या स्कूटरवाल्यांच्या तोंडाकडे नाही.

बाबांना घेऊन पहिल्यांदा बांबोळीला गेले तेव्हा ते शेजारी बसून पूर्ण रस्ताभर उजव्या पायाने गाडीचा तळ दाबत होते. जुन्या गोव्यापर्यंत गप्प. मग सुरू झाले, रेस दे, गिअर काढ, आता तिसरा, अगो तिसरा म्हटलं ना. मी म्हटलं, बाबा, आवाज ऐका, तिला दुसराच हवाय. ऐकला त्यांनी. डोळे गेले तरी कान शाबूत आहेत, चाळीसेक वर्षं गाडी चालवलेला माणूस. त्यानंतर ते फक्त आवाजावरून सांगतात की गिअर उशिरा बदललास, आणि बहुतेक वेळा बरोबर असतं, हे मी त्यांना सांगत नाही.

हॉस्पिटलच्या आवारात लावायला जागा मिळाली ती उतारावर. तोंड खाली, म्हणून रिव्हर्स गिअर टाकला, चाकं कडेच्या दगडाकडे वळवली, हँडब्रेक. तोंड वर असतं तर पहिला टाकला असता. परत येऊन चालू करताना गाडी गिअरमध्ये आहे हे लक्षात ठेवायचं, म्हणून क्लच आधी, हे बाबाच म्हणाले, मी चावी लावायच्या आधी. मिस्त्रीने मागच्या महिन्यात क्लच बघितला, म्हणाला प्लेट अजून बरीच आहे, कोण चालवतं? आता धाकट्या बहिणीला पण शिकायचंय. मामा म्हणतो आणा तिला सड्यावर, पण पेट्रोल तिचं आणि चप्पल पट्ट्याची.